थोडे बिंदू, लांब रेघ

प्रिय सखी,

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो तू भीत भीत विचारला आहेस. हो, हाताला कंप असला तरी संगणकावर चित्र काढता येतं, आणि चांगलं काढता येतं. तुला रांगोळ्या, कोयऱ्या, वेलबुट्टी आणि अक्षरं काढायची आहेत ना? त्यांना लागणारी रेघ इथे हातातून उतरवावी लागतच नाही. आपण बिंदू ठेवायचे, रेघ कुठून कशी वळेल ते सांगायचं, मधली वाट संगणक आखतो. बिंदू जरा इकडेतिकडे पडला तर तो निवडून कीबोर्डवरच्या बाणांनी हवा तिथे सरकवायचा. ऑल्ट धरून बाण दाबलास तर तो पडद्यावरच्या एकेका पिक्सेलने हलतो. इतकं बारीक काम कागदावर स्थिर हातालाही अवघड. कस लागतो तो नजरेचा, आणि तुझी नजर मला ठाऊक आहे. अंगणात घातलेल्या रांगोळीत कुठल्या पाकळीचं पोट जास्त सुटलंय हे तू पायरीवर उभी राहून सांगायचीस. त्या नजरेला वय झालेलं नाही, हे तुझ्या पत्रातल्या समासातल्या चित्रांवरूनही कळतं.

तेव्हा महागडा टॅब्लेट आणि त्यावरचा पेन सध्या घेऊ नकोस. या कामाला साधा, चाक असलेला माउस पुरतो. लॅपटॉपच्या टचपॅडवर मात्र सुरुवात करू नको. बिंदू ओढताना बोट घसरतं आणि उगाच मन खट्टू होतं. तुझा जुना लॅपटॉपही चालेल.

सॉफ्टवेअर कोणतं म्हणशील, तर इंकस्केप. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. २००३ साली चार जणांनी सोडिपोडी नावाच्या आधीच्या प्रकल्पातून वेगळं होऊन ते सुरू केलं. त्याची १.० ही आवृत्ती मे २०२० मध्ये आली. सोळा वर्षांहून जास्त काळ लोक ते घडवत होते, वापरत होते, आणि तरी त्याला पूर्ण म्हणवत नव्हते. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो. व्यावसायिक चित्रकार इलस्ट्रेटर वापरतात. ते १९८७ पासून आहे, ताकदीचंही आहे, पण आता ते वर्गणी भरून वापरावं लागतं. हौसेसाठी दर महिन्याला पैसे भरत राहायचं कारण मला दिसत नाही.

आणि तुला एक गंमत सांगते. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं ज्याचं राज्य आहे ते कोरलड्रॉ तुझ्याच ओटावातलं! मायकेल काउपलंड यांनी तिथे कोरल कंपनी काढली आणि १९८९ साली कोरलड्रॉ बाजारात आलं. इथल्या किती लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, गणपती मंडळांचे फ्लेक्स त्यावर तयार झाले असतील! तू ज्या गावात बर्फ उपसतेस, तिथून निघालेल्या सॉफ्टवेअरवर आपल्या गल्लीतल्या कित्येकांचं पोट चाललं. इंकस्केपला कोरलच्या फाइल बऱ्याचदा उघडता येतात, पण त्या प्रकारात साठवता येत नाहीत. त्यामुळे छापखान्यात काही द्यायची वेळ आली तर पीडीएफ द्यायची.

आता इंकस्केपमध्ये काढतो त्या व्हेक्टर चित्रांची मुळातली गोष्ट. फोटो म्हणजे रंगीत चौकोनांची दाट जाळी. तो मोठा केला की चौकोन दिसायला लागतात. व्हेक्टर चित्रात अशी जाळी नसते, तिथे रेघेचं वर्णन साठवलेलं असतं. म्हणून तीच कोयरी पोस्टाच्या तिकिटावर छापा नाहीतर भिंतभर, कड तितकीच धारदार राहते. याचा उलटा अर्थही लक्षात ठेव. जलरंगाचा ओघळ, पेन्सिलची छटा, चेहऱ्यावरचं ऊन हे या माध्यमाचं काम नाही. त्यासाठी क्रिता नावाचं वेगळं मोफत सॉफ्टवेअर आहे.

वर्णन साठवलेलं असतं म्हणजे काय, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पहिल्याच दिवशी एक कर. इंकस्केपमध्ये एक वाकडी रेघ काढ, फाइल साठव, आणि ती नोटपॅडमध्ये उघड. आत मजकूर दिसेल! इंकस्केपची फाइल एसव्हीजी प्रकारची असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ मध्ये ठरवून दिलेला हा खुला नमुना आहे. त्या मजकुरात आकड्यांच्या आगेमागे काही रोमन अक्षरं असतात. एम म्हणजे लेखणी उचलून या जागी ठेव. एल म्हणजे इथपर्यंत सरळ रेघ. सी म्हणजे इथपर्यंत वळणदार रेघ. झेड म्हणजे जिथून निघालीस तिथे येऊन आकृती बंद कर. मोठं अक्षर असेल तर आकडे कागदाच्या कोपऱ्यापासून मोजायचे, छोटं असेल तर आधीच्या बिंदूपासून. तो कोपरा म्हणजे वरचा डावा. १.० च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये फाइलमध्ये तोच असला तरी पडद्यावरचे आकडे खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजले जायचे, म्हणून जुने व्हिडिओ बघताना ते उलटे वाटले तर बिचकू नकोस. हे सगळं पाठ करायची काही गरज नाही. एकदा पाहून ठेव, म्हणजे यंत्राच्या पोटात काय चाललंय याची धास्ती जाते.

त्या सीच्या पुढे आकड्यांच्या तीन जोड्या असतात. शेवटची जोडी म्हणजे रेघ जिथे पोचते तो बिंदू. आधीच्या दोन जोड्या म्हणजे दोन टोकांची हँडल. रेघ पहिल्या बिंदूतून कोणत्या दिशेने आणि किती जोराने बाहेर पडेल हे एक हँडल ठरवतं. दुसऱ्या बिंदूत कुठून आणि कशी शिरेल हे दुसरं. बस, सगळी वळणं यातूनच होतात. गंमत म्हणजे ही युक्ती चित्रकारांची नाही, मोटारी बनवणाऱ्यांची आहे. गाडीच्या पत्र्याचं वळण यंत्राला नेमकं कसं सांगायचं हा फ्रान्समधल्या कारखान्यांपुढचा प्रश्न होता. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ च्या सुमारास त्याचं गणित मांडलं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. रेनोमधल्या पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात स्वतंत्रपणे तेच काम केलं, ते प्रसिद्धही झालं, आणि वक्राला नाव बेझिएंचं लागलं. आज तू मोबाइलवर वाचतेस त्या अक्षरांच्या कडाही असल्याच वक्रांच्या असतात.

इंकस्केप पहिल्यांदा उघडशील तेव्हा पट्ट्याच पट्ट्या, बटणंच बटणं दिसतील. त्यातली बहुतेक आपल्याला कित्येक महिने लागणार नाहीत. डावीकडच्या पट्टीतली निवडायचा बाण, बिंदू हलवायचं साधन, चौकोन, वर्तुळ आणि पेन एवढीच ओळखून ठेव. इंग्रजी एस दाबलं की बाण, एन दाबलं की बिंदूंचं साधन, बी दाबलं की पेन. आत भरायचा रंग आणि कडेची रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या शिफ्ट-कंट्रोल-एफच्या चौकटीत मिळतात. पडद्यावर चित्र हरवलं तर ५ दाबायचं, पूर्ण कागद समोर येतो. आणि नजर अधूनमधून अगदी खालच्या पट्टीकडे जाऊ दे. हातात जे साधन आहे त्याच्याबरोबर कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट दाबलं तर काय होईल, हे तिथे सतत लिहून येत असतं. नवशिक्याला इतका मन लावून मदत करणारा कोपरा मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेला नाही.

पहिला धडा म्हणून मी तुला ठिपक्यांची रांगोळीच सांगेन, आणि त्यातही मधले ठिपके, सात ते चार. मधली ओळ सातची, वर आणि खाली सहा, पाच, चार, म्हणजे एकूण ३७ ठिपके. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये ग्रिड म्हणून एक भाग आहे, तिथे ॲक्सोनोमेट्रिक ग्रिड निवड. त्याच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आपोआप मधले ठिपके पडतात. आपल्या सवयीच्या आडव्या ओळी तिथे उभ्या दिसतील, पण सहा बाजूंची आकृती आहे, काही बिघडत नाही. एक छोटं वर्तुळ काढून कंट्रोल-डीने त्याच्या प्रती कर आणि एकेक छेदावर नेऊन ठेव. स्नॅपिंग चालू असलं की ठिपका बरोबर छेदाला चिकटतो. ते चालू-बंद करायला टक्क्याचं चिन्ह दाबायचं. सगळे ठिपके एका लेयरवर, म्हणजे चित्राच्या एका थरावर, ठेव आणि तो लेयर कुलूपबंद कर, म्हणजे पुढच्या ओढाताणीत ते हलणार नाहीत.

मग नव्या लेयरवर, मधल्या ठिपक्यापासून वरच्या टोकापर्यंत, फक्त एक पाकळी. पेन घे. नुसतं टिचकवलंस तर टोकदार बिंदू पडतो. टिचकवून बोट न उचलता ओढलंस तर हँडल बाहेर येतं आणि वळण मिळतं. खालच्या ठिपक्यावर टोकदार, वरच्या ठिपक्यावर टोकदार, आणि दोन्ही बाजूंच्या पोटाला एकेक वळणाचा. परत पहिल्या बिंदूवर टिचकवलं की पाकळी बंद. आता बाणाने तिच्यावर एकदा टिचकी, मग पुन्हा एकदा. कोपऱ्यांवरचे बाण गोल वळतील आणि मध्ये एक बारीक फुली दिसेल. ती फुली ओढून रांगोळीच्या मधल्या ठिपक्यावर ठेव. कंट्रोल-डी, आणि कंट्रोल धरून कोपऱ्याचा बाण फिरव. दर टप्पा १५ अंशांचा असतो, म्हणजे चार टप्प्यांत ६० अंश. असं करत सहा पाकळ्या पूर्ण कर. हे सगळं एका झटक्यात करून देणारा रोटेट कॉपीज नावाचा पाथ इफेक्टही आहे. तो जरूर वापर, पण एकदा हाताने फिरवून झाल्यावर. स्वतः फिरवलेल्या पाकळ्यांमधून कोन कसा जुळत येतो ते कळतं, आणि एरवी ते कळायला दुसरी वाट नाही. क्लोनसुद्धा नंतर शीक. ऑल्ट-डीने क्लोन केलेल्या पाकळ्यांत मूळ पाकळीचं वळण बदललंस की सगळ्या एकदम बदलतात. ते पहिल्यांदा घडताना पाहिलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले होते.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं जे आहे त्यावर येते, आणि ते मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे. बिंदू कमी ठेव. नवीन शिकणारा माणूस वळण जमत नाही म्हणून मध्ये आणखी एक बिंदू घालतो, मग त्याच्या शेजारी आणखी एक. रेघ तिथे अडखळते. प्रत्येक जादा बिंदू म्हणजे रेघेला खडा लागण्याची एक जागा. वळण बिघडलं तर आधी हँडल हलवून बघ, मग बिंदूची जागा बदलून बघ, आणि तरीही नाहीच जमलं तर बिंदू वाढव. बऱ्याचदा एखादा बिंदू काढून टाकल्यानेच रेघ सुधारते.

पण ठेवायचे कुठे? अक्षरं घडवणारे लोक वळणाच्या टोकाला ठेवतात. आकार जिथे सर्वांत डावीकडे जातो, सर्वांत उजवीकडे, सर्वांत वर, सर्वांत खाली, तिथे. आणि त्या बिंदूंची हँडल अगदी आडवी नाहीतर अगदी उभी. याचा नमुना तुला इंकस्केपच दाखवेल. एक वर्तुळ काढ, पाथ मेनूतलं ऑब्जेक्ट टू पाथ दाब, मग एन. पूर्ण वर्तुळाला चारच बिंदू! प्रत्येकाचं हँडल त्रिज्येच्या सुमारे ०.५५ पट लांब. खरं तर बेझिए वक्राने अचूक वर्तुळ होतच नाही, पण या चार बिंदूंनी होतं त्यात फरक हजारात एका भागाहूनही कमी असतो, डोळ्याला तो कधी दिसायचा नाही. गोल बांगडीला चार पुरतात, तर कोयरीला किती लागतील? वरच्या वळलेल्या शेंड्याला एक टोकदार, पोटाला डावीकडे, खाली आणि उजवीकडे एकेक, आणि हवा तर मानेच्या बाकाला एक. त्या पाचांत कोयरी बसव. शेंड्याच्या दोन्ही हँडलना वेगवेगळं वळवायचं असेल तर बिंदू निवडून शिफ्ट-सी. पोटाचं वळण सलग हवं तर शिफ्ट-एस. बिंदू न हलवता नुसती रेघच धरून वाकवता येते, तेही करून बघ. पैठणीच्या पदरातल्या कोयऱ्या समोर ठेवून बसलीस तर एका वळणावर संध्याकाळ निघून जाईल.

याच कारणासाठी ट्रेस बिटमॅपबद्दल सावध करते. कुठलंही चित्र आत घेऊन त्याच्या रेघा आपोआप बनवून देणारी ही सोय आहे. पोट्रेस नावाचा पीटर सेलिंगर यांनी लिहिलेला प्रोग्रॅम आत काम करतो, आणि तो हुशार आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने स्वच्छ काढलेलं चित्र स्कॅन करून त्याला दिलंस तर छान रेघा मिळतात. तुझ्या जुन्या वहीतल्या रांगोळ्या अशा जपून ठेवता येतील, आणि त्या ठेवच. पण फोटो दिलास तर बिंदूंचा नुसता सडा पडतो, आणि तो निस्तरायला नव्याने काढण्यापेक्षा जास्त वेळ जातो. शिकण्यासाठी म्हणशील तर स्कॅन खालच्या लेयरवर फिकट करून ठेव आणि त्यावर पेनने स्वतः गिरव. कुठे बिंदू हवा आणि कुठे नको, हा निर्णय तुझा राहायला हवा. चित्र त्या निर्णयातच असतं.

मंडळाच्या दिवाळी शुभेच्छापत्रावर देवनागरी हवी आहे, असं लिहिलं आहेस. युनिकोड फाँट वापर, इंकस्केपमध्ये जोडाक्षरं नीट उमटतात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू हे फाँट मोफत आहेत. मुक्त मजकुराला, बलू गुबगुबीत मथळ्याला. विंडोजवर पूर्वी मंगल आधीपासूनच असायचा. तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवला. आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या, आयुष्यभर अक्षरांत रमलेल्या या माणसाचं काम जगभरच्या संगणकांवर पोचलं आणि वाचणाऱ्यांना त्यांचं नावही माहीत नसतं, याची मला हळहळ वाटते.

छापायला देण्याआधी अक्षरांचं ऑब्जेक्ट टू पाथ करायचं, म्हणजे छापणाऱ्याकडे तो फाँट नसला तरी अक्षर बदलत नाही. आपल्या लिपीत इथे एक खास काळजी लागते. असं केल्यावर प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेच्या तुकड्यासह सुटं होतं. नुसता भरीव रंग असेल तर कळत नाही, पण अक्षरांना कड दिलीस की शिरोरेषेत सांधे दिसायला लागतात. म्हणून अनग्रुप करून, सगळी अक्षरं निवडून कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाब. ती एकजीव होतात आणि वरची रेघ सलग होते. मूळ मजकुराची प्रत मात्र वेगळ्या लेयरवर राहू दे, नाहीतर ऱ्हस्वदीर्घ सुधारायला जागा उरणार नाही. पडद्यावरचे झगझगीत केशरी आणि पोपटी रंग कागदावर थोडे मंद उतरतात, तेव्हा आधी एकच प्रत छापून बघ. पीएनजी हवी असेल तर एक्सपोर्ट करताना ९६ च्या जागी ३०० डीपीआय कर.

एवढं पुष्कळ झालं. पाकळी आणि कोयरी झाली की मला पाठव, पण पडद्याचा फोटो नको. एसव्हीजी फाइलच पाठव, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. फोटोत मला फक्त आकार दिसेल. फाइलमध्ये तू बिंदू कुठे ठेवलेस, हँडल किती लांब ओढलंस, कुठे थबकलीस ते सगळं दिसेल. तुझी पाकळी आहे तशी ठेवून मी तिच्या शेजारी दुसऱ्या लेयरवर माझी एक काढीन आणि तीच फाइल तुला परत पाठवीन. पुढची पाकळी पुन्हा तुझी.

तुझी,
मैत्रीण